पोट कसं शे?

शहाद्यातल्या आमच्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला जो पहिला प्रश्न विचारला, तो भाड्याचा नव्हता, जातीचा नव्हता आणि घरात मटण-मासे शिजतात का, हाही नव्हता. माझ्या कडेवरच्या सईकडे बोट करून ते म्हणाले, "पोरनं पोट कसं शे?"

मी सांगलीकडची. अहिराणी कानावर पडायची ती पहिलीच वेळ. 'शे' म्हणजे 'आहे', एवढं नवऱ्यानं येताना गाडीत शिकवलं होतं, त्यामुळे प्रश्न कळला, पण कळूनही वाटलं की आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"बरं आहे," मी म्हणाले.

"शी कशी व्हस? घट का पातय?"

नवरा एकदम खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या किराणा दुकानाची पाटी होती. मी हळूच म्हणाले, "घट्ट."

"मंग राहा," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही जवळजवळ पाच वर्षं राहिलो.

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी आठवडाभर त्यांना निवृत्त शिक्षक समजत होते. एकदा जिन्यात विचारलंही, "कोणत्या शाळेवर होतात तुम्ही?" त्यांना प्रश्न इतका आवडला की ते पायरीवरच बसले. "मन्ही शाळा सहा चाकनी व्हती, माय," म्हणाले. मग कळलं. मास्तर एसटीत कंडक्टर होते. इकडे खेड्यापाड्यांतले प्रवासी कंडक्टरला मास्तर म्हणतात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण मास्तरांच्या अंगातून गाडी उतरली नव्हती.

त्यांच्या घरात दारात उभं राहायला बंदी होती. दूधवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे असोत. "दारमा नका ऱ्हाऊ उभं. पुढे सरका, पुढे सरका." माणूस गोंधळून आत सरकायचा आणि एकदा आत आला की त्याला जेवल्याशिवाय सुटका नसायची. मास्तर स्वतः मात्र कायम दाराजवळच्या स्टुलावर. घरात दोन चांगल्या खुर्च्या होत्या, मुलीनं सुरतहून पाठवलेला झोपाळा होता. "बसनारा पाशिंजर ऱ्हास," ते म्हणायचे, "मी नही."

गल्लीतून कोणतंही वाहन निघालं की त्याच्या अंगावर ते दोनदा थाप मारायचे. रिक्षा, भाजीची हातगाडी, शाळेची व्हॅन, सगळ्यांना दोन थापा. त्याशिवाय गाडी सुटली असं त्यांना वाटायचंच नाही. पलीकडच्या घरातली म्हातारी गेली तेव्हा शववाहिनी निघताना त्यांचा हात सवयीनं वर गेलेला मी पाहिला. तो तसाच हवेत थांबला. मग दुसरा हात वर आला आणि दोन्ही हात जोडले गेले.

बायको जाऊन खूप वर्षं झाली होती. एकुलती मुलगी सुरतेला दिलेली. स्वयंपाक तेच करायचे आणि नेहमी जास्तीचा करायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. एकट्याला एवढं कशाला, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "मधेच कोनी चढनं ते?" आणि कुणी ना कुणी चढायचंच.

हे सगळं गल्लीला चालत होतं. चालत नव्हतं ते एकच. लहान मूल दिसलं की मास्तर त्याच्या पोटाची चौकशी करायचे. भाजीबाजारात, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या ओट्यावर. आईनं लाजावं की रागवावं, हे तिचं तिला ठरेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असायचा. मूल रडतंय असं ऐकू आलं की हातातलं काम टाकून त्या घराच्या दाराशी. "त्याले काय दिधं खावाले?" तरण्या सुना त्यांना लांबून पाहिलं की खिडक्या लावून घ्यायच्या. समोरच्या किराणा दुकानात एक मारवाडी भाभी बसायच्या, त्या तर हात जोडायच्या. "मास्तर, दुकानात नका हो विचारू असलं काही. माझी गिऱ्हाइकं पळतात."

"पळू दे," मास्तर म्हणायचे. "बिस्किट नको विकू ल्हान पोरसले. मुगनी दाय दे."

मलाही सुरुवातीला त्यांचा त्रासच वाटायचा. रोज सकाळी मी सईचे कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचे तेव्हा खालच्या अंगणातून हाक यायची, "पोट कसं शे?" मी "बरं आहे" म्हणायचे आणि ऐकणारं कुणी नाही ना, हे बघायचे.

सई दहा महिन्यांची असताना वैशाखात तिचं पोट बिघडलं.

शहाद्याचा वैशाख काय असतो, ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. केळीच्या बागांवरून येणारं वारंसुद्धा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखं लागतं. नवरा पाटबंधारे खात्याच्या कामानं धुळ्याला गेलेला. आदल्या संध्याकाळपासून सईला जुलाब सुरू झाले. सकाळ झाल्याबरोबर मी तिला बाळांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं, झिंकचं औषध दिलं, जलसंजीवनीची पाकिटं दिली आणि काय करायचं ते शांतपणे सांगितलं. घरी येईपर्यंत सगळं लक्षात होतं. घरी आल्यावर मी चमच्यानं पाणी दिलं आणि सईनं ते सगळं माझ्या अंगावर ओकलं. पुन्हा दिलं, पुन्हा ओकलं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

सासूबाईंनी तीन मुलं वाढवली होती. त्यांच्या आवाजात माझ्यापेक्षा जास्त काळजी होती. "अगं, आत काही टिकतच नाही तर घालतेस कशाला? पोटाला विसावा दे. दूध बंद कर, खाणं बंद कर. सगळं आपोआप थांबेल."

फोन ठेवून मी सईकडे पाहिलं. ती रडतही नव्हती. माझ्या खांद्यावर मान टाकून पडली होती. दूध द्यावं की देऊ नये, पाणी पाजावं की पाजू नये, मला काहीच सुचेना. मी तिला घेऊन खोलीत नुसत्या फेऱ्या मारत राहिले.

फेऱ्यांचा आवाज खाली गेला असावा. जिन्यात चपला वाजल्या. मास्तर वर आले. उंबऱ्यात न थांबता सरळ आत आले आणि दाराजवळ जमिनीवर बसले. त्या दिवशी त्यांनी 'पोट कसं शे' विचारलं नाही. सईकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "डॉक्टरनी काय सांगं?"

मी सांगितलं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. पाकिटाचं पाणी उकळून गार केलेल्या पाण्यात करायचं, चमच्या-चमच्यानं द्यायचं. उलटी झाली तर थोडं थांबून परत द्यायचं. खायला मऊ खिचडी, केळं, दही. डोळे खोल गेले, मूल गळून गेलं, लघवी बंद झाली, शीमध्ये रक्त दिसलं, तर तडक घेऊन यायचं.

"परत सांग."

मी परत सांगितलं. बोलता बोलता माझाच आवाज जरा ताळ्यावर आला.

"यामा 'बंद करा' कोठे शे?"

"कुठेच नाही. पण मास्तर, ती सगळं ओकतेय."

"ओकू दे. सगयं नही निघत. थोडं आत ऱ्हास." मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "तू तिन्ही माय शे. तू सांगशी ते मी करसू. नही सांगशी ते खाले जास."

मी म्हणाले, "बसा."

मास्तर उठले. मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. स्टीलची वाटी आणि घरातला सगळ्यात लहान चमचा मागून घेतला, दोन्ही उकळत्या पाण्यातून काढायला लावले. मी सईला मांडीवर उभं धरून बसले आणि मास्तर समोर. त्यांनी चमचा तोंडात घातला नाही. खालच्या ओठाला नुसता टेकवला आणि थांबले. सईनं तोंड फिरवलं. तेही चमचा घेऊन तिकडे वळले आणि थांबले. त्या माणसाला मी कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी सईनं ओठ चाटला.

"तोंडशी नेवानं," ते पुटपुटले, "तोंडमा कोंबानं नही."

काही चमचे गेले आणि तिनं ते सगळे मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर परत केले. मी उठायला लागले. "बस," ते म्हणाले. सदरा पुसला नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "थोडा हॉल्ट. घाट शे हाऊ, माय. घाटमा गाडी पळत नही, चढस."

थोड्या वेळानं पुन्हा चमचा. मध्ये मी सईला दूध पाजायला घेतलं की ते न सांगता खाली निघून जायचे. परत येताना जिन्यावरूनच खोकायचे. एकदा वर आले ते खिचडी घेऊन. मूग आणि तांदूळ इतके शिजवले होते की दोन्ही वेगळे ओळखू येत नव्हते. बोटांनी आणखी कुस्करली, बोटाच्या टोकावर येईल एवढीच सईच्या ओठाला लावली. तिनं तोंड वाकडं केलं, पण गिळली. दुपार सरत आली तेव्हा तिच्या पोटात पाणी टिकायला लागलं होतं. जुलाब अजून चालूच होते आणि सकाळपासून तिनं लघवी केली नव्हती. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी सहज खिडकीतून खाली पाहिलं, तर आमच्या दारात रिक्षा उभी. रिक्षावाला मास्तरांच्या ओट्यावर भाकरी खात बसला होता.

"ती कशाला बोलावली?"

"दिवाबत्तीपावत मुतनी नही, ते दवाखानामा जाऊत," मास्तर म्हणाले आणि चमचा पुन्हा वाटीत बुडवला.

ऊन उतरणीला लागलं. मी पाय मोकळे करायला उठले, सईला त्यांच्या मांडीवर दिलं. ती त्यांच्या सदऱ्याच्या बटणाशी खेळायला लागली. खेळतेय, हेच मला पुष्कळ वाटलं. आणि मग मास्तरांचा चेहरा बदलला. आधी ते नुसते बघत राहिले. मग सईला तशीच दोन्ही हातांत उचलून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मुतनी! पोर मुतनी!"

दुकानातून भाभी बाहेर आल्या. "काय झालं हो मास्तर?"

"मुतनी, भाभी! मन्ह्या धोतरवर मुतनी!"

खाली हसण्याचा गलका झाला. रिक्षावाल्यानं उगाच हॉर्न वाजवला. एवढ्या लोकांत मुलीच्या लघवीचा असा पुकारा झाल्यावर मला एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्या दिवशी मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले.

पुढं दोन-तीन दिवसांत सईचं पोट ताळ्यावर आलं. पण मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. सई दूध पिऊन झोपली होती. मास्तर खाली ओट्यावर ओलं धोतर पिळत होते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

"एक नर्सबाईनी," ते म्हणाले. "घाटमा."

तेव्हा मास्तर सातपुड्यातल्या तोरणमाळच्या गाडीवर होते. सकाळी वरून सुटणारी गाडी. घाट उतरण्याआधी मधल्या कुठल्याशा फाट्यावर एक बाई चढली. पावरा आदिवासी समाजाची, अगदी कोवळी, एकटीच. फडक्यात गुंडाळलेली लहान मुलगी तिच्या पोटाशी. गाडीत गर्दी होती. मास्तर तिकिटं फाडत तिच्यापाशी पोचले आणि त्यांना जाणवलं की एवढ्या गोंधळात ते लेकरू रडत नाही. फडकं बाजूला केलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. बाईला मराठी येत नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, जुलाब लागलेत, घरच्यांनी दूध बंद केलंय, पाणीही बंद केलंय, सगळं खाली जातंय म्हणून.

गाडीत मागच्या बाकावर सरकारी दवाखान्यातली एक नर्स होती. ती गर्दीतून पुढं आली. तिच्या पिशवीत जलसंजीवनीचं पाकीट होतं. तिनं आधी बाईला पाजायला बसवलं. पण घाट सुरू झाला आणि वळणांनी त्या आईलाच उलट्या सुरू झाल्या. नर्स तिला खिडकीशी धरून बसली. लेकरू कुणी घ्यायचं? मास्तरांनी तिकिटांची पेटी बाकाखाली सरकवली आणि मुलीला मांडीवर घेतलं. नर्सनं बाटलीतल्या पाण्यात पाकीट कालवून दिलं, बाटलीचं झाकण हातात दिलं आणि कसं पाजायचं ते तिथूनच सांगत राहिली. ओठाला लाव. थांब. गिळलं का बघ. परत लाव.

"सगया घाट मी तिन्हा तोंडकडेच देखी ऱ्हायनू," मास्तर म्हणाले. "कोनतं वयन उनं, कोनतं गयं, काय माहीत नही. घाट सरना तवय तिनी जीभ काढी. झाकन चाटं."

घाट उतरल्यावर तपासणीवाले चढले. अर्ध्या गाडीकडे तिकीट नव्हतं. मास्तरांच्या मांडीवर लेकरू. जे व्हायचं ते झालं, रिपोर्ट झाला. "त्यास्नं बरोबर व्हतं," मास्तर म्हणाले. "नियम ते नियमच शे." शहाद्याच्या स्टँडवर त्यांनी त्या मायलेकींना आणि नर्सला रिक्षात बसवून दिलं, रिक्षाला दोन थापा मारल्या आणि स्वतः जबाब द्यायला ऑफिसात गेले. संध्याकाळी सुटका झाल्यावर दवाखान्यात धावले. तिथं कळलं, पोरीला मोठ्या दवाखान्यात हलवलंय. नर्स परत गेली होती. पुढच्या आठवड्यात मास्तरांची बदली नवापूर-सुरतच्या गाडीवर झाली.

"मग? पुढं काय झालं त्या मुलीचं?"

मास्तरांनी धोतर दोरीवर टाकलं, त्याच्या कडा जुळवल्या, पुन्हा सोडल्या, पुन्हा जुळवल्या. "जगनी का नही," ते म्हणाले, "माले माहीत नही, माय."

तिचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. कुठल्या फाट्यावर चढली तेही नक्की आठवत नव्हतं, कारण तिचं तिकीट फाडायचं राहूनच गेलं होतं. सुटीच्या दिवशी ते वर जाऊन आले होते. एकदा नाही, कितीतरी वेळा. तोरणमाळच्या आसपास पाडे डोंगरभर विखुरलेले. कुणाला काय विचारणार? कुठल्या घरात जुलाब झालेलं लेकरू नव्हतं?

त्यानंतर मला त्यांच्या सकाळच्या फेरीचा अर्थ कळला. रोज चहा झाला की मास्तर एसटी स्टँडवर जायचे. जुन्या सोबत्यांशी गप्पा मारायला जातात, असं आम्ही समजत होतो. ते तोरणमाळच्या गाडीसाठी जात होते. गाडी लागली की दाराशी उभे राहायचे, उतरणाऱ्या बायांकडे बघायचे, आणि त्यांच्याबरोबरच्या मुलांकडे. आधी ते कडेवरची मुलं बघत असतील. वर्षं गेली तशी त्यांची नजरही वर सरकली असेल. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते शाळेच्या दप्तरवाल्या उंच पोरांकडे बघत होते. एखादी बाई थोडी ओळखीची वाटली की विचारायचे, तोडक्यामोडक्या पावरीत, नाहीतर हातवारे करून. घाटात, गाडीत, आजारी लेकरू, मी पाणी पाजलं होतं, ते तुझं का? बाया माना हलवून निघून जायच्या. काही हसायच्या. स्टँडवरचे पोरसवदा ड्रायव्हर त्यांची नक्कल करायचे, त्यांच्यासमोरच. मास्तर त्यांनाही विचारायचे, "तुन्हा पोऱ्यानं पोट कसं शे?"

त्या दिवसापासून मी त्यांना गच्चीवरून मोठ्यानं उत्तर द्यायला लागले. "बरं आहे, मास्तर. एकदाच झाली. घट्ट." भाभी दुकानातून वर बघून हसायच्या.

मग नवऱ्याची बदली झाली. आम्ही सांगलीला आलो. सामानाच्या ट्रकला दोन थापा बसल्या. त्यानंतर फोन असायचा. सई शाळेत कितवी आली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर फोन आला तो त्यांच्या मुलीचा, सुरतहून. बाबा गेले म्हणाली. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. शेवटी महिनाभर तिच्याकडेच होते. लिफ्टच्या दारात उभ्या राहणाऱ्या सगळ्यांना पुढे सरका म्हणायचे, असं सांगताना ती हसली.

शहाद्याला जायचं कारण आता उरलेलं नाही. घर विकलं गेलं. तरी सकाळी कपडे वाळत घालताना माझा हात क्षणभर थांबतो, खालून कुणीतरी काहीतरी विचारणार आहे असं वाटतं. खाली सोसायटीतल्या गाड्या असतात. सई आता मोठी झाली. तिला मास्तर अंधूक आठवतात, त्यांच्या सदऱ्याचा वास आठवतो म्हणते. मला मात्र त्यांची एक सकाळ जशीच्या तशी आठवते, ती आमच्या तिथल्या शेवटच्या हिवाळ्यातली.

सई चार वर्षांची होती आणि मास्तरांबरोबर स्टँडवर जायचा हट्ट करायची. त्या दिवशी मला बाजारात जायचं होतं म्हणून मीही निघाले. तोरणमाळची गाडी लागली. सीताफळांचा हंगाम होता, गाडीतून टोपल्यांवर टोपल्या उतरत होत्या. एक चाळिशीची बाई टोपली घेऊन उतरली आणि फाटकाशी नेहमीच्या जागी बसली. तिनं मास्तरांना आधी पुष्कळदा पाहिलं असणार, कारण ते तिच्याकडे वळल्यावर ती दचकली नाही. मास्तरांनी तेच विचारलं. घाट, गाडी, लेकरू, पाणी. हातानं चमच्याची खूण केली.

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटाला धरून उभ्या असलेल्या सईकडे पाहिलं. टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि थांबत थांबत मराठीत म्हणाली, "हो बाबा. माझाच तो."

मास्तर एक पाऊल पुढं सरकले.

"मोठा झाला," ती म्हणाली. "माझ्याहून उंच. सुरतला कामाला जातो. तू पाणी पाजलं, मी सांगितलं त्याला."

"जेवस का चांगला?" मास्तरांनी विचारलं.

"खूप जेवतो. भाकरी पुरत नाही."

मास्तर हसले. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा हसले. बाईनं दोन मऊ सीताफळं निवडून सईच्या हातात दिली आणि मी पर्स उघडली तशी माझ्यावर डोळे वटारले.

आम्ही परत निघालो. मी इतकी आनंदले होते की काय बोलू आणि काय नको. कापसाच्या गाड्या जात होत्या, एकीलाही मास्तरांनी थाप मारली नाही. गल्लीच्या वळणावर ते थांबले.

"पोरगी व्हती ती," म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही.

"मन्ही मांडीवर व्हती ती पोरगी व्हती, माय. पोऱ्या नव्हता."

ती बाई त्या गाडीत नव्हतीच. रोज विचारणाऱ्या म्हाताऱ्याला तिनं एकदाचं उत्तर देऊन टाकलं होतं.

"मग तुम्ही तिला बोलला का नाही?"

"काय बोलू?" मास्तर म्हणाले. "इतला जीव लायीसन सांगं तिनी." थोडं चालले आणि पुन्हा थांबले. "पन तिन्हा पोऱ्या ते शे ना? भाकर खास, काम करस. तोबी ल्हान व्हता. त्यालेबी कोनीतरी पाजंच व्हई."

घरी आल्यावर ते दाराजवळच्या स्टुलाकडे गेले नाहीत. आत खुर्चीवर बसले, सईला मांडीवर घेतलं आणि सीताफळ फोडलं. एकेका पाकळीतली बी बोटांनी काढून बाजूला ठेवायची, मग गर सईच्या ओठाशी न्यायचा, ती तोंड उघडेपर्यंत थांबायचं. मी बाजाराला जायची विसरून उंबऱ्यातच उभी राहिले. मला पुढे सरका म्हणायचं त्यांना सुचलं नाही. दोन्ही सीताफळं संपेपर्यंत ते तिला भरवत होते.